विश्लेषण : ‘तांब्या कुणी डिझाइन केला?’ भारताला हा प्रश्न विचारणारे चार्ल्स ईम्स कोण होते?

एखाद्या कॅफेत, ऑफिसात किंवा ऑनलाइन फर्निचरच्या ॲपवर एक खुर्ची तुम्ही नक्की पाहिली असेल. वाडग्यासारखी खोलगट प्लास्टिकची बैठक आणि खाली लाकडाचे चार तिरके पाय. ॲपवर तिच्या नावापुढे अनेकदा ‘ईम्स स्टाइल’ असे लिहिलेले असते. हे ईम्स म्हणजे अमेरिकी डिझायनर चार्ल्स ईम्स. भारतात मात्र डिझाइन शिकणाऱ्यांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळते ते एका सरकारी अहवालामुळे. १९५८ सालच्या या अहवालाचा नायक आहे आपला तांब्या!

सुरुवात कुठून झाली?

चार्ल्स ईम्स यांचा जन्म १७ जून १९०७ रोजी अमेरिकेत मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरात झाला. वडील लहानपणीच वारले. शाळेत असतानाच ते एका पोलाद कारखान्यात काम करू लागले. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुशास्त्राला प्रवेश घेतला, पण दोनेक वर्षांत शिक्षण सोडले. पदवी कधीच मिळाली नाही. १९३०च्या सुमारास स्वतःचे कार्यालय थाटले आणि नेमकी तेव्हाच महामंदी आली. घरे बांधायला कुणाकडे पैसा नव्हता. काही घरे, काही चर्च एवढेच काम हाती लागले.

१९३८ मध्ये फिनलंडचे वास्तुरचनाकार एलिएल सारिनेन यांनी त्यांना मिशिगनमधील क्रॅनब्रूक कला अकादमीत बोलावले. ईम्स यांच्या आयुष्याची दिशा येथे बदलली. तेथे सारिनेन यांचे चिरंजीव एरो यांच्याशी मैत्री झाली. आणि १९४० मध्ये तेथेच रे कायझर आल्या. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोच्या रे या चित्रकार होत्या. न्यूयॉर्कमध्ये जर्मन चित्रकार हान्स हॉफमन यांच्याकडे त्या शिकल्या होत्या आणि अमूर्त चित्रे काढणाऱ्या कलावंतांच्या संघटनेच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. चार्ल्स यांचे पहिले लग्न मोडले आणि जून १९४१ मध्ये दोघे विवाहबद्ध होऊन लॉस एंजेलिसला गेले.

खुर्चीच्या आधी स्प्लिंट?

लग्नाआधीच चार्ल्स आणि एरो यांनी न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ची फर्निचर स्पर्धा जिंकली होती. शरीराच्या वळणाप्रमाणे वाकवलेल्या प्लायवुडची, पाठ आणि बैठक एकसंध असलेली खुर्ची त्यांनी सुचवली होती. चित्र सुंदर होते. अडचण एवढीच होती, की ती खुर्ची कारखान्यात बनेना.

का, ते घरबसल्या करून बघता येईल. एक कागद नारळावर घट्ट बसवायचा प्रयत्न करा. एका दिशेने तो छान वळतो. दोन्ही दिशांनी वळवला की सुरकुत्या पडतात किंवा फाटतो. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे तसेच होते. ते खोलगट वळवले की तडकत.

लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स दिवसा एमजीएम या चित्रपट कंपनीच्या कला विभागात काम करत आणि रात्री हे जोडपे भाड्याच्या घरात एक यंत्र बनवत असे. प्लास्टरचा साचा, विजेच्या तारांची उष्णता, मध्ये पापुद्रे आणि सरस, आणि दाब देण्यासाठी सायकलचा पंप! या यंत्राला त्यांनी ‘काझॅम’ असे नाव दिले. आपल्याकडे जादूगार ‘छू मंतर’ म्हणतो, तसाच हा शब्द.

दरम्यान युद्ध सुरू झाले. जखमी सैनिकांच्या मोडलेल्या पायाला बांधायचे धातूचे स्प्लिंट रुग्ण हलवताना हादरत आणि जखम बळावत असे, हे एका डॉक्टर मित्राने त्यांना सांगितले. हाड मोडल्यावर आपल्याकडे कामट्या बांधतात, त्याचीच ही लष्करी आवृत्ती. ईम्स दाम्पत्याने चार्ल्स यांच्याच पायाचा साचा घेऊन प्लायवुडचे स्प्लिंट बनवले. त्याला ठेवलेल्या भोकांमधून पट्टी ओवता येत असे आणि त्याच भोकांमुळे वळवताना लाकडावरचा ताणही कमी होत असे. युद्ध संपेपर्यंत अमेरिकी नौदलासाठी असे सुमारे दीड लाख स्प्लिंट तयार झाले. लाकूड दोन्ही दिशांनी कसे वळवायचे आणि हजारोंच्या संख्येने कसे बनवायचे, याचे धडे त्यांना सैनिकांच्या पायांनी दिले.

युद्धानंतर आलेल्या खुर्चीत त्यांनी एकसंध कवचाचा हट्ट सोडला. बैठक वेगळी, पाठ वेगळी, मध्ये रबराचे गट्टू. पाठ टेकली की ती किंचित मागे जाते. ‘टाइम’ नियतकालिकाने १९९९ मध्ये याच प्लायवुडच्या खुर्चीला विसाव्या शतकातील सर्वोत्तम डिझाइन ठरवले.

एकसंध खुर्चीचे स्वप्न १९५० मध्ये पुरे झाले, ते फायबरग्लासमध्ये. युद्धकाळात विमानांच्या रडारवरची आवरणे बनवणाऱ्या एका कंपनीकडे हे तंत्र होते. शाळा, विमानतळ, वाचनालये अशा ठिकाणी या खुर्च्या पोहोचल्या. कमी खर्चात, जास्तीत जास्त लोकांना, उत्तम वस्तू मिळावी हा त्यामागचा हेतू होता. कॅफेतली ती वाडगा-खुर्ची या घराण्यातली.

कागदाच्या पत्त्यांपासून चित्रपटापर्यंत

ईम्स यांना फक्त खुर्च्यांचे डिझायनर म्हणणे म्हणजे पु. ल. देशपांडे यांना फक्त पेटीवादक म्हणण्यासारखे आहे. १९५२ मध्ये त्यांनी ‘हाउस ऑफ कार्ड्स’ हा ५४ पत्त्यांचा खेळ काढला. प्रत्येक पत्त्याला सहा खाचा. पत्ते एकमेकांत अडकवून बंगला बांधा, कोसळत नाही. पत्त्यांवर राजा-राणीऐवजी रोजच्या वस्तूंची छायाचित्रे आणि नक्ष्या होत्या. १९५९ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी प्रदर्शनात त्यांनी सात मोठ्या पडद्यांवर एकाच वेळी २२००हून अधिक चित्रे दाखवून अमेरिकेतील एक दिवस उभा केला. शीतयुद्धाच्या ऐन काळातील हा सरकारी प्रचार होता. त्यात सुपरमार्केटे आणि मोटारी होत्या, वांशिक भेदभावाला जागा नव्हती, ही टीका पुढे झाली आणि ती रास्तही आहे. आयबीएम कंपनीसाठीही त्यांनी अनेक वर्षे चित्रपट आणि प्रदर्शने केली.

१९७७चा ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा जेमतेम नऊ मिनिटांचा चित्रपट मात्र आवर्जून पाहावा असा. शिकागोत तळ्याकाठी सहलीला आलेले एक जोडपे. कॅमेरा वर जातो, दर दहा सेकंदांना दहापट दूर. शहर, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा आणि त्याही पलीकडे. मग परत फिरून झोपलेल्या माणसाच्या हातात, पेशीत, अणूत. आज आपण मोबाइलवरच्या नकाशात दोन बोटांनी गल्लीपासून पृथ्वीच्या गोलापर्यंत जातो. तो प्रवास हा चित्रपट पाहिलेल्यांना ओळखीचा वाटेल.

रे यांचे नाव कुठे गेले?

१९४६ मध्ये ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने ईम्स यांच्या नव्या फर्निचरचे प्रदर्शन भरवले. त्याच्या शीर्षकात नाव होते एकट्या चार्ल्स यांचे. यंत्रावर बरोबरीने राबलेल्या रे नाहीत, कार्यशाळेतले सहकारीही नाहीत. काही सहकारी यामुळे दुखावले आणि पुढे बाहेर पडले. रे राहिल्या. १९५६ मध्ये चामड्याची प्रसिद्ध आरामखुर्ची दूरचित्रवाणीवर आली तेव्हाही सूत्रसंचालिकेने त्यांची ओळख यशस्वी पतीच्या पाठीशी असलेली पत्नी अशा थाटात करून दिली.

रंग, कापडाच्या नक्ष्या, मासिकांची मुखपृष्ठे, प्रदर्शनाची मांडणी यांवर रे यांची छाप उघड दिसते. पण कुठली रेषा कुणाची हे वाटून दाखवणे जवळपास अशक्य आहे, कारण ते तसे कामच करत नव्हते. कार्यालयाचे नाव दोघांचे होते, चार्ल्स स्वतः रे यांना बरोबरीचे श्रेय देत. बातम्या आणि जाहिरातींना मात्र एकच नायक हवा होता.

भारताने त्यांना का बोलावले?

१९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात भारतीय वस्त्रे आणि अलंकारांचे मोठे प्रदर्शन भरले. ईम्स यांनी त्यावर चित्रपट केला. हातमाग आणि हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांची त्यांच्याशी ओळख झाली. त्या काळात भारतात कारखाने उभे राहत होते, बाजारात वस्तू वाढत होत्या आणि त्यांचा दर्जा घसरतो आहे अशी चिंता सरकारला होती. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने सरकारने ईम्स दाम्पत्याला पाचारण केले. सुमारे तीन महिने दोघे देशभर फिरले. गावे, कारागीर, कारखाने, शाळा पाहिल्या, लेखक, शास्त्रज्ञ, अधिकाऱ्यांशी बोलले. एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. तो ‘इंडिया रिपोर्ट’ म्हणून ओळखला जातो आणि त्यावर नावे दोघांची आहेत.

सरकारी अहवाल म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येते, ते येथे नाही. सुरुवातच भगवद्गीतेतील निष्काम कर्माच्या वचनाने होते. आणि मग येतो लोटा, म्हणजे आपला तांब्या. (त्यांच्या वर्णनातले भांडे डोक्यावर, कमरेवरही येते, म्हणजे आपली कळशी आणि घागरही त्यात धरायला हवी.) भारतात पाहिलेल्या आणि आवडलेल्या सर्व वस्तूंत हे भांडे त्यांना सर्वांत सुंदर वाटले. चिंच आणि राखेने रोज घासून पितळेला सोन्याची झळाळी आणणाऱ्या बायकांकडेही त्यांचे लक्ष गेले.

मग ते विचारतात, असे भांडे आज कोऱ्या कागदावर डिझाइन करायचे ठरवले तर काय काय ध्यानात घ्यावे लागेल? किती पाणी मावावे? उचलणारा हात पुरुषाचा, बाईचा की पोराचा? कमरेवर कसे टेकेल, डोक्यावर कसे तोलेल? भरलेले असताना आणि रिकामे असताना तोल कुठे राहील? ओतताना धार कशी पडेल? घासायला आत हात जाईल एवढा गळा हवा, पण पाणी हिंदकळणार नाही एवढा अरुंदही हवा. आतले पाणी गरम असेल तर हातात धरता येईल का? दुसऱ्या भांड्यावर आपटले तर आवाज कसा येईल? किंमत किती? आणि निकामी झाल्यावर मोड किती येईल? जुनी भांडी मोडीत घालून नवी घेणाऱ्या आपल्या घरांत हा शेवटचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. बाहेरून आलेल्या माणसाच्या तो नजरेत भरला, हे विशेष.

त्यांचे उत्तर असे, की हे भांडे कुणा एका माणसाने डिझाइन केलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या अनेक जणांनी थोडे जमवले, थोडे सोडून दिले. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर पडणाऱ्या हातोडीच्या ठोक्यांमागे हीच साखळी आहे.

अहवालाचा खरा मुद्दा त्यापुढे आहे. बदल हळू होत होता तोवर परंपरा पुरेशी होती. चूक झाली तर पुढची पिढी ती दुरुस्त करी. आता तार, रेडिओ, यंत्रे यांनी बदलाचा वेगच नव्हे, तर स्वभावही पालटला आहे. तांब्याच्या जागी येणारी बादली काही महिन्यांत देशभर पोहोचेल. तिच्यासाठी ते सगळे प्रश्न कुणीतरी जाणीवपूर्वक विचारायला हवेत. त्यासाठी डिझाइनचे शिक्षण, संशोधन आणि छोट्या उद्योगांना सेवा देणारी संस्था उभारा, अशी शिफारस त्यांनी केली.

पुढे काय झाले?

१९६१ मध्ये अहमदाबादेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, म्हणजे एनआयडी सुरू झाली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी तिची उभारणी केली. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावरील प्रदर्शनासाठी ईम्स पुन्हा अहमदाबादला आले आणि तेथील तरुणांबरोबर काम केले. जानेवारी १९६५ मध्ये ते प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये उघडले.

महाराष्ट्रात १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर (आयडीसी) सुरू झाले. इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या रचनेत तेथील प्राध्यापकांचा सहभाग होता आणि रुपयाचे २०१० मध्ये स्वीकारलेले चिन्हही तेथील संशोधक विद्यार्थ्याने काढले. अक्षर न वाचता येणाऱ्या मतदाराला बटण कळावे, हा प्रश्न तांब्याच्या प्रश्नांच्या जातीचाच आहे. पण छोट्या कारखानदाराच्या दारी डिझायनर पोहोचावा ही अहवालातली अपेक्षा किती पुरी झाली, याचे उत्तर औद्योगिक वसाहतींतल्या कुणालाही विचारावे.

आणि ती स्वस्त खुर्ची? ईम्स यांच्या आरामखुर्चीची मूळ कंपनीची प्रत भारतात आज कित्येक लाखांना पडते. सामान्यांसाठी आहेत त्या नकला. लग्नाच्या मांडवात एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ईम्स यांच्या नाहीत आणि फार देखण्याही नाहीत. पण कमी पैशांत जास्तीत जास्त लोकांना बसवण्याचे काम भारतात त्यांनीच केले.

लॉस एंजेलिसमधील ईम्स यांचे १९४९चे घर, कारखान्यात मिळणाऱ्या तयार लोखंडी भागांतून उभारलेले, जानेवारी २०२५च्या वणव्यातून बचावले. आत धूर गेला, पण इमारत उभी राहिली.

२१ ऑगस्ट १९७८ रोजी चार्ल्स ईम्स यांचे सेंट लुईस येथे, जन्मगावीच, निधन झाले. त्यानंतरची दहा वर्षे रे कार्यालयातील लाखो छायाचित्रे, रेखाटने आणि कागदपत्रे लावत होत्या. तो संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेला. २१ ऑगस्ट १९८८ रोजी, बरोबर त्याच तारखेला, रे गेल्या. त्यांनी सहलेखक म्हणून तयार केलेला सर्व कामांचा जाडजूड ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकात चार्ल्स आणि रे अशी दोन्ही नावे आहेत.