धन्यवादित निकोलस स्टेनो: शास्त्रज्ञ आणि मेंढपाळ



मुले विज्ञान शिकली की त्यांची श्रद्धा डळमळते, अशी भीती काही पालक बोलून दाखवतात. त्यांनी धन्यवादित निकोलस स्टेनो यांचे चरित्र जरूर जाणून घ्यावे.

निकोलस यांचा जन्म १६३८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एका लुथरपंथीय सोनाराच्या घरी झाला. वैद्यकशास्त्र शिकून ते शरीररचनेचे नामांकित अभ्यासक झाले. गालातील ग्रंथीमधून तोंडात लाळ आणणारी नलिका आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

१६६६ साली इटलीतील लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क मासा पकडला. त्याचे डोके तपासणीसाठी फ्लॉरेन्सला निकोलस यांच्याकडे आले. त्याचे दात माल्टा बेटावरील खडकांत सापडणाऱ्या त्रिकोणी दगडांसारखेच होते. लोक त्या दगडांना सापाच्या जिभा समजत. माल्टात संत पौलाला साप डसला, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. पुढे संताच्या शापाने सापांच्या जिभांचे दगड झाले, ही मात्र दंतकथा. विषावर उतारा म्हणून लोक ते दगड जवळ बाळगत.

निकोलस यांनी सांगितले, हे दगड म्हणजे प्राचीन शार्क माशांचे दात आहेत. प्राणी मेल्यावर समुद्राच्या तळाशी गाळात पुरला जातो. मऊ भाग कुजून जातो. दात, हाडे, शिंपले उरतात. पाण्यातील क्षार त्यांत कणाकणाने झिरपतात आणि भोवतालचा गाळही दगड बनतो. हेच जीवाश्म. १६६९ साली त्यांनी आणखी एक नियम मांडला: गाळाचा खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. भूगर्भशास्त्र आजही या पायावर उभे आहे. पृथ्वीचे वय किती मोठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या शोधाची सांगड बायबलमधील जलप्रलयाशी घातली. तरीही प्रत्यक्ष पुराव्याकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. एक भाविक दंतकथा गळून पडली, पण त्यांची श्रद्धा ढळली नाही.

उलट, त्याच काळात ते देवाचा अधिक खोलवर शोध घेत होते. लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीर सणाची मिरवणूक पाहून ते अंतर्मुख झाले होते. नोव्हेंबर १६६७ मध्ये त्यांनी कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. १६७५ साली ते धर्मगुरू झाले आणि १६७७ साली बिशप. उत्तर जर्मनीत कॅथोलिक मूठभर होते. तिथे त्यांनी सेवा केली. गरिबांसाठी त्यांनी आपली बिशपपदाची अंगठी आणि क्रूसही विकला. उपवास व कष्टांनी शरीर झिजले. ५ डिसेंबर १६८६ रोजी श्वेरिन येथे वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते प्रभूकडे गेले. त्यांचे पार्थिव फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित केले.

पालकहो, मुलांच्या प्रश्नांना भिऊ नका, त्यांना गप्पही करू नका. खडकातले सत्य आणि वेदीवरचे सत्य एकाच परमेश्वराचे आहे. धन्यवादित निकोलस, आमच्या विद्यार्थ्यांसाठी विनंती करा.

आपला धर्मगुरू