पंडिता रमाबाई : दोन्हीकडून मोजलेली किंमत

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीची तयारी सुरू होते. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वर्गणी जमते, पताका लागतात, व्याख्यानांचे विषय ठरतात. याच महिन्यात पंडिता रमाबाईंचे दोन्ही दिवस येतात. २३ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल हा स्मृतिदिन. त्यांची आठवण मात्र आपल्याकडे फारशी निघत नाही. रमाबाई म्हटले की डोळ्यांपुढे माता रमाई येतात, ते साहजिकच आहे. पण धर्म बदलला की समाज काय किंमत वसूल करतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून या दुसऱ्या रमाबाईंचे आयुष्यही आपण समजून घ्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

त्यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या जंगलात, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. त्याच आईने पुढे रमाबाईंना संस्कृत शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. दुष्काळात उपासमारीने आणि आजाराने आई, वडील व थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

धर्मशास्त्रे खोलात वाचताना मात्र त्यांच्या लक्षात आले, की या ग्रंथांचे इतर बाबतींत एकमेकांशी पटत नाही, पण स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्यात सर्वांचे एकमत आहे. विश्वासाला पहिला तडा इथे गेला. भावाच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. उच्चवर्णीय ज्यांना शूद्र मानत, अशा जातीतले ते होते. दोन वर्षांच्या आत कॉलऱ्याने ते गेले. २३ व्या वर्षी, लहानग्या मनोरमेला घेऊन, रमाबाई विधवा म्हणून पुण्यात आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. तोवर पुण्याचे सुधारक त्यांचे कौतुक करत होते.

१८८३ मध्ये त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या जोगिणी आश्रय देतात आणि माणूस म्हणून पुन्हा उभे करतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. येशूची शोमरोनी स्त्रीशी झालेली भेट त्यांना याच काळात समजली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब झाला. आम्ही वस्त्यांमध्ये स्त्रियांसोबत काम करतो. एखादीने स्वतःच्या मनाने निर्णय घेतला की घरचे पहिला प्रश्न विचारतात, हिला कुणी फूस लावली? पंडिता म्हणून गौरवलेल्या स्त्रीलाही हा प्रश्न चुकला नाही. तिने विचार केला असेल, ही शक्यताच कोणी धरली नाही. त्या गदारोळात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. शास्त्रे वाचता येणाऱ्या स्त्रीने ती वाचूनच धर्म सोडला, यातला अर्थ जोतीरावांनी ओळखला होता.

पण रमाबाईंना विरोध केवळ जुन्या धर्माकडून झाला नाही. चर्चला आज्ञाधारक शिष्या हवी होती. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या प्रश्न विचारत. क्रूसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात हवीत, असा त्यांचा आग्रह होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवणे बिशपांना पसंत नव्हते. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती आपली सदसद्विवेकबुद्धी द्यायची नाही, हे त्यांनी पत्रांमधून स्पष्ट कळवले. इकडे त्या धर्मबुडव्या ठरल्या, तिकडे हट्टी आणि गर्विष्ठ.

अमेरिकेत निधी उभा करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथे धर्मप्रचार होणार नाही असे ठरले होते, जातीचे खाण्यापिण्याचे नियमही पाळू दिले जात. मात्र रमाबाई स्वतःची प्रार्थना दार लावून करत नसत आणि काही मुली तिथे येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर संस्था शांतपणे चालली असती. पण आपली श्रद्धा लपवून ठेवायला त्या तयार नव्हत्या.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना आणले. दौंडजवळच्या केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. १९०० पर्यंत तिथे जवळपास २००० जणी राहत होत्या. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या शिकल्या. इथे जातीची अट उरली नाही. इथे रमाबाई उघडपणे ख्रिस्ती धर्म शिकवत, आणि त्या शिकवणीशी मतभेद असू शकतात. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे आश्रमातल्या स्त्रियांनी जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही प्राण सोडला.

महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात त्यांना दीर्घकाळ कोपऱ्यातच जागा मिळाली. त्यांची श्रद्धा आपली नव्हे. पण धर्म निवडण्याचा आणि निवडलेल्या धर्मालाही प्रश्न विचारण्याचा जो हक्क त्यांनी इतकी किंमत मोजून वापरला, तो आपलाही आहे. यंदाच्या जयंतीच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवली, तर जोतीरावांनी घेतलेली बाजू आपण विसरलो नाही, एवढे तरी दिसेल.