कार्ल लुडविग आणि उदरातील रक्तभांडार

वणीच्या उन्हाळ्यात वृद्ध मनुष्य भरपेट जेवून एकदम उठला, तर कधी कधी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. उष्म्यामुळे रक्त त्वचेकडे व अन्नपचनासाठी आतड्यांकडे वळलेले असते; त्यात उभे राहताच काही पायांत उतरते आणि मेंदूस ते क्षणभर अपुरे पडते. मग तरुणांस असे सहसा का होत नाही? ह्या प्रश्नाच्या उत्तराची वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत कार्ल लुडविग हे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १८१६ साली जर्मनीतील विट्झेनहाउझेन गावी झाला. मारबुर्ग विद्यापीठात शिकत असता अधिकाऱ्यांशी बिनसल्यामुळे त्यांना ते काही काळ सोडावे लागले. पुढे तेथेच ते प्राध्यापक झाले, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! घोड्याच्या रक्ताचा दाब उंच काचनळीत मोजण्याचा प्रयोग इंग्लंडातील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केला होता. परंतु तो दाब क्षणोक्षणी कसा बदलतो, हे टिपून ठेवण्याची सोय नव्हती. लुडविग यांनी फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळून त्यावर रक्तदाबाची रेघ आपोआप उमटविणारे यंत्र १८४७ च्या सुमारास सिद्ध केले.

झ्युरिक व व्हिएन्ना येथे अध्यापन करून १८६५ साली ते लाइपझिगला आले. तेथे १८६६ साली त्यांनी व त्यांचे शिष्य एली सियॉन यांनी सशाच्या हृदयाजवळून मेंदूकडे जाणारा एक बारीक मज्जातंतू छेदून त्याचे मेंदूकडील टोक विजेने उत्तेजित केले. कागदावरील रेघ झरझर खाली आली! हृदयाचे मज्जातंतू तोडल्यावरही ती उतरलीच. म्हणजे कारण हृदयात नव्हते. उदरातील रक्तवाहिन्यांस आवळून धरणारे तंतू छेदताच दाब घसरला, व त्यांचे तुटलेले टोक उत्तेजित करताच तो चढला.

विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा यकृत, आतडी, प्लीहा आदी अवयवांकडे जातो. निरोगी मनुष्य उभा राहताच तेथील वाहिन्या आकुंचन पावतात, साठलेले रक्त हृदयाकडे परतते व दाब सावरतो. वार्धक्यात ही तत्परता मंदावते.

सशांवर प्रयोग करणारे लुडविग लाइपझिगच्या प्राणिरक्षक मंडळातही कार्य करीत. ही विसंगती की सचोटी, हे वाचकांनीच ठरवावे. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत. रशियाचे पाव्हलॉव्हही त्यांत होते. कित्येक प्रयोग स्वतः करूनही ते निबंध केवळ शिष्याच्या नावाने छापवीत. सशाच्या प्रयोगाच्या निबंधावर मात्र त्यांचे नाव आहे, तेही सियॉन यांच्या नावामागून. १८९५ साली लाइपझिग येथेच त्यांचे देहावसान झाले.