ब्लेझ पास्काल : श्रद्धावंत गणिती

ब्लेझ पास्काल हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असते. दाब मोजण्याचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. परंतु हे गृहस्थ कॅथलिक होते आणि 19 जून 2023 रोजी त्यांच्या जन्माला 400 वर्षे झाली त्या दिवशी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्यावर एक स्वतंत्र प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मुले कॉलेजात विज्ञान शिकू लागली की मिस्साला येईनाशी होतात, अशी तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. म्हणूनच ह्या माणसाची ओळख करून द्यावी असे आम्हांला वाटले. शिवाय त्यांनी मांडलेला एक हिशेब असा आहे की लुडो आणि कॅरम खेळणाऱ्या कुणालाही तो समजावा.

पास्काल ह्यांचा जन्म 1623 साली फ्रान्समधील क्लेरमाँ ह्या गावी झाला. त्यानंतर चार वर्षांनी वसईचे गोन्सालो गार्सिया ह्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले, इतका तो जुना काळ. ब्लेझ तीन वर्षांचा असतानाच आई वारली. झिल्बेर्त ही थोरली बहीण आणि झाकलिन ही धाकटी. वडील एतिएन हे करविषयक न्यायालयात अधिकारी होते. मुलांच्या शिक्षणासाठी ते 1631 साली पॅरिसला येऊन राहिले आणि ब्लेझला शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकवले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून त्यांनी गणिताची पुस्तके मुलापासून दूर ठेवली होती. पण मुलगा कोळशाने जमिनीवर वर्तुळे आणि त्रिकोण काढून आपल्या आपणच भूमिती शोधू लागला, असे झिल्बेर्तने पुढे लिहून ठेवले आहे. थोरल्या बहिणीचे कौतुक त्यात थोडे मिसळले असेलही!

पुढे वडिलांना रूआँ शहरात कर आकारणीचे काम मिळाले. रात्र रात्र आकडेमोड करणाऱ्या वडिलांना मदत व्हावी म्हणून 19 वर्षांच्या ब्लेझने 1642 साली बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र तयार करायला घेतले. 1646 साली वडील बर्फावरून घसरून पडले आणि कमरेला जबर मार बसला. उपचारासाठी हाडे बसवणारे दोन भाऊ तीन महिने घरी राहिले. ते मोठे भाविक होते. त्यांनी दिलेली पुस्तके वाचून सगळे घर प्रार्थनेकडे वळले. दोन वर्षांनी पास्काल ह्यांनी आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन एका उंच डोंगरावर पाठवले आणि जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो, हे सिद्ध करून दाखवले. प्रकृती मात्र तरुणपणापासून साथ देत नव्हती.

1651 साली वडील वारले. झाकलिनला पोर-रॉयाल येथील मठात धर्मभगिनी व्हायचे होते. ब्लेझने विरोध केला. ती मठात गेली तेव्हा तिच्या वाट्याचा पैसा मठाला द्यायलाही त्याने खळखळ केली. शेवटी 1653 साली तो दिला. इस्टेटीवरून भावाबहिणींत कटुता येणे आपल्याकडेही नवे नाही. ह्या काळात पास्काल पॅरिसच्या श्रीमंत मित्रमंडळीत वावरत होते. त्यांच्यातले एक होते शव्हालिए द मेरे. हुशार आणि बोलघेवडा माणूस, पण जुगाराचा शौकीन. त्यांनी पास्काल ह्यांच्यासमोर दोन कोडी ठेवली.

पहिले कोडे फाशाचे. लुडोमध्ये सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. एकदा फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता सहांत एक. मग चार वेळा टाकला तर किती? सहांत चार, असे चटकन तोंडावर येते. पण तसे असते तर सहा वेळा टाकल्यावर सहा पडलाच पाहिजे, आणि दहा दहा वेळा फासा टाकूनही ज्याची सोंगटी घरातच राहिली आहे, तो हे मान्य करणार नाही. खरी युक्ती उलटीकडून मोजण्याची आहे. सहा न पडण्याचे प्रकार मोजायचे. एका फेकीत असे पाच प्रकार, म्हणून चार फेकींत पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे 625. एकूण प्रकार सहा चार वेळा गुणून, म्हणजे 1296. तेव्हा निदान एकदा तरी सहा पडण्याचे प्रकार उरले 671. म्हणजे सहा पडेल अशी पैज लावणारा थोडासाच वरचढ असतो. दोन फासे घेऊन 24 वेळा टाकले तर निदान एकदा दोन्हींवर सहा पडेल, ह्या पैजेतही तेवढाच फायदा व्हावा असे मेरे ह्यांना वाटे. परंतु तिथे शक्यता शंभरात सुमारे 49 निघते, म्हणजे अर्ध्याहून कमी. गणितच स्वतःच्या विरुद्ध बोलते, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. गणिताचे काही चुकले नव्हते, अंदाज चुकला होता.

दुसरे कोडे आम्हांला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात न्यायाचा प्रश्न आहे. दोघांनी सारखे पैसे घालून खेळ सुरू केला आणि तो मध्येच थांबवावा लागला, तर पैसे कसे वाटायचे? समजा, दोन मुलांनी प्रत्येकी 40 रुपये काढून कॅरमचे सामने लावले. जो आधी तीन डाव जिंकेल, त्याला बक्षिसाचे सगळे 80 रुपये. पहिल्याने दोन डाव जिंकले, दुसऱ्याने एक, आणि तेवढ्यात वीज गेली. निम्मे निम्मे करावे, तर पुढे असलेल्यावर अन्याय. सगळे त्याला द्यावे, तर दुसऱ्यावर अन्याय, कारण तोही जिंकू शकला असता. लुका पाचोली ह्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी 1494 साली छापलेल्या पुस्तकात अशा प्रसंगी जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी सुचवली होती. म्हणजे इथे दोनास एक. वरवर ते पटते. पण पास्काल म्हणाले की, किती डाव झाले ह्याकडे पाहू नका, किती उरले आहेत ते पाहा.

त्यांची रीत अशी. पुढचा डाव झाला असता तर काय घडले असते? पहिला जिंकला तर 80 रुपये त्याचे. हरला तर दोघे दोन-दोन बरोबरीत, म्हणजे 40-40. याचा अर्थ, हरला तरी 40 रुपये पहिल्याचे नक्की झाले. राहिलेल्या 40 रुपयांवर दोघांचा हक्क सारखा, म्हणून ते निम्मे निम्मे. पहिल्याला 60, दुसऱ्याला 20. पास्काल ह्यांनी हे तुलूझचे न्यायाधीश व गणिती पिएर द फर्मा ह्यांना 1654 च्या उन्हाळ्यात पत्राने कळवले. फर्मा ह्यांची रीत निराळी होती. फार तर दोन डावांत निकाल लागणार. त्या दोन डावांचे चार प्रकार होतात, त्यांपैकी तीन पहिल्याच्या बाजूचे आणि एक दुसऱ्याच्या. उत्तर तेच, तीनास एक. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचल्याचा पास्काल ह्यांना फार आनंद झाला. आज विम्याचे हप्ते, पावसाचे अंदाज, औषधांच्या चाचण्या ज्या शास्त्रावर चालतात, त्याचा पाया त्या पत्रांत घातला गेला.

उरलेले मोजा, हे घरी दारीही उपयोगी पडते. लॉटरीत आपला आकडा वर्षभर लागला नाही, म्हणून आता लागेलच असे मानणारे पैसे घालवून बसतात. आकड्याला मागची आठवण नसते. तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच होणार, असे सुनेला सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. चौथ्या वेळीही शक्यता जवळपास निम्मीच असते, आणि आधीच्या तिघींचा त्यात काहीच दोष नसतो.

ह्या यशाच्या वेळी पास्काल मनातून मात्र उदास होते. त्या शरद ऋतूत ते वारंवार झाकलिनला भेटायला मठात जात आणि आपल्याला ह्या जगाचा वीट आला आहे, पण देवाची ओढही वाटत नाही, असे तिच्यापाशी कबूल करत. ज्या बहिणीला अडवले, तिच्याकडेच ते मन मोकळे करत होते. मग 23 नोव्हेंबर 1654 रोजी, रात्री साधारण साडेदहापासून साडेबारापर्यंत, त्यांना देवाचा असा अनुभव आला की त्यांचे आयुष्य पालटले. त्याविषयी ते कुणाशी बोलले नाहीत.

1656-57 साली त्यांनी टोपणनावाने 18 पत्रे प्रसिद्ध करून येशूसंघीयांच्या नीतिविषयक शिकवणुकीवर कडक टीका केली. ती फ्रेंच गद्याचा नमुना ठरली, पण रोमने ती निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली. पोर-रॉयालच्या मंडळींवर जॅन्सेनवादाचा पगडा होता आणि त्यातली काही मते ख्रिस्तसभेने 1653 सालीच नाकारली होती. येशूसंघाने आपल्याकडे केलेले कार्य पाहता ती टीका आम्हांला एकांगी वाटते. गंमत म्हणजे, 2023 साली ज्यांनी पास्काल ह्यांचा गौरव केला ते पोप फ्रान्सिस स्वतः येशूसंघीय होते, आणि हा वाद त्यांनी पत्रात झाकून ठेवला नाही.

ह्याच काळात मठात शिकणारी त्यांची भाची मार्गरीत डोळ्याच्या जुनाट व्रणातून बरी झाली. प्रभूच्या काटेरी मुकुटातील काट्याचा पवित्र अवशेष तिच्या डोळ्याला लावला होता. चौकशीअंती पॅरिसच्या धर्मप्रांताने तो चमत्कार मानला. त्यानंतर पास्काल श्रद्धेचे समर्थन करणाऱ्या एका मोठ्या ग्रंथाची टिपणे काढू लागले. त्यांतले पैजेचे टिपण सर्वांत प्रसिद्ध आहे. देव आहे किंवा नाही. बुद्धीने निकाल लागत नाही, आणि खेळणार नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण जगणे सुरूच आहे. देव आहे ह्या बाजूने पैज लावली तर पणाला लागते ते मर्यादित आयुष्य आणि मिळू शकते ते अनंत जीवन. हरलो तरी गमावण्यासारखे फार नाही.

हा देवाशी केलेला सौदा आहे, असे पुष्कळांनी म्हटले आहे. आम्हांला तसे वाटत नाही. पास्काल स्वतः हिशेब मांडून देवाकडे वळले नव्हते, त्यांना तो अनुभव आधीच आला होता. हे टिपण मेरे ह्यांच्यासारख्या मित्रांसाठी आहे. जुगाऱ्याला कळेल ती भाषा जुगाराचीच. आणि तो मित्र, हिशेब पटला तरी मन विश्वास ठेवत नाही, असे म्हणतो, तेव्हा पास्काल त्याच्यापुढे आणखी पुरावे ठेवत नाहीत. आपल्या वासना हाच अडथळा आहे हे ओळख, म्हणतात, आणि श्रद्धावंत करतात तसे करायला लाग. पवित्र पाणी घे, मिस्सा सांग. घरात जो तरुण चर्चला यायचा थांबला आहे, त्याच्याशी वाद घालणाऱ्यांनी हे टिपण जरूर वाचावे.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. 1661 साली झाकलिन वारली. 18 मार्च 1662 रोजी पास्काल व त्यांच्या भागीदारांनी पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गाने धावणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या. भाडे पाच सू. आजच्या बससेवेचीच ती सुरुवात. त्यातल्या आपल्या हिश्शावर आगाऊ पैसे उचलून ब्लोआ भागातल्या उपाशी गरिबांना पाठवावेत, अशी त्यांची खटपट होती. भागीदारांना ती पटली नाही. घरात त्यांनी एक गरीब कुटुंब ठेवून घेतले होते. त्यांच्या मुलाला देवी आल्या तेव्हा, आजारी मुलाला हलवणे धोक्याचे म्हणून, पास्काल स्वतःच घर सोडून झिल्बेर्तकडे गेले. तिथेच त्यांचा आजार बळावला. आपल्याला इतकी सेवा मिळते, तर एखाद्या गरीब रुग्णालाही घरी आणून तशीच सेवा द्यावी, ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली. ते जमेना, तेव्हा असाध्य रोग्यांच्या इस्पितळात नेऊन गरिबांमध्ये मरू द्या, म्हणाले. डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी त्यांना अखेरचे संस्कार दिले आणि 19 ऑगस्ट 1662 रोजी पहाटे, वयाच्या 39 व्या वर्षी ते देवाघरी गेले. पॅरिसच्या संत एतिएन-दु-माँ चर्चमध्ये त्यांना पुरले. टिपणे 1670 साली पुस्तकरूपाने निघाली.

मृत्यूनंतर काही दिवसांनी एका नोकराला त्यांच्या कोटाच्या अस्तरात काहीतरी जाड लागले. उसवून पाहिले तर एक चर्मपत्र आणि त्यात घडी केलेला कागद निघाला. त्यावर त्या नोव्हेंबरच्या रात्रीची तारीख आणि वेळ होती, आणि खाली अग्नी, आनंद, अश्रू आणि पूर्वजांच्या देवाविषयीच्या तुटक ओळी. आठ वर्षे, कोट बदलला की पास्काल तो उसवून काढत आणि नव्या कोटात शिवत असत. घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.