तराजूवाले लव्हाझिए
मालेगावात नववीला मोलची गणिते सुटतात ती वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमावर. तो रुजवणारे अंतोन लव्हाझिए १७४३ मध्ये पॅरिसला जन्मले. शिक्षण वकिलीचे, कमाई करवसुलीच्या मक्त्याची. ती अचूक तराजूंवर खर्च झाली. बंद भांड्यात बारा दिवस पारा तापवून त्यांनी किती हवा घटली ते मोजले. तयार झालेली लाल भुकटी जास्त तापवली, तर जवळपास तेवढाच वायू परत! ‘ऑक्सिजन’ हे नाव त्यांचेच. नोंदी आणि आकृत्या मात्र पत्नी मारी-आन यांच्या. साखर आंबण्याचा जमाखर्च १७८९ च्या ग्रंथात समीकरणासारखा मांडला आहे. पुढे तोच मक्ता अंगाशी आला. ८ मे १७९४ रोजी लव्हाझिए आणि सासरे एकाच दिवशी गिलोटिनखाली गेले. जप्त कागद परत मिळवून पतीचे लेखन मारी-आन यांनी छापले.