भूल देणाऱ्या रूपाबाई

भगिनींनो, ऑपरेशन ठरले की आपण विचारतो, कोण डॉक्टर करणार? भूल कोण देणार, हे कोणी विचारलेले मी तरी ऐकले नाही. म्हणून रूपाबाई फर्दुनजींविषयी लिहिते.

त्या पारशी. गोदावरीपलीकडे, आपल्या जिल्ह्याला लागून, १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. त्याच्या राजधानीत, हैदराबादेस, १८८५ साली पाच स्त्रिया डॉक्टरी शिकू लागल्या, त्यांत या एक. १८८९ मध्ये उत्तीर्ण होऊन त्या रोग्यांना क्लोरोफॉर्म देऊ लागल्या. जगातील पहिली भूलतज्ज्ञ स्त्री त्यांनाच समजतात.

क्लोरोफॉर्म हे गोडसर वासाचे पातळ औषध. फडक्यावर थेंब थेंब टाकून नाकाशी धरायचे. वाफ श्वासाबरोबर फुप्फुसांत, तेथून रक्तात, रक्तातून मेंदूत जाते आणि शुद्ध हरपते. मात्रा जास्त झाली तर श्वासच थांबे! केवढी जोखीम ही! त्यांचे गुरू डॉ. लॉरी शिकवीत, नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा. पण याने हृदयही एकाएकी बंद पडते, हे १९११ मध्ये सिद्ध झाले. आता क्लोरोफॉर्म मागे पडले. सेव्होफ्लुरेनसारख्या औषधाची वाफ यंत्राने मोजून देतात.

रूपाबाई १९०९ मध्ये एडिंबरोला पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकायला गेल्या. वाफेशीच काम, तेव्हा ती विद्या हवीच! परत येऊन १९१७ पर्यंत त्या हैदराबादच्या इस्पितळांत भूल देत राहिल्या.