घेरीचा शोधक : यान पुर्किंजे

फुगडी थांबली तरी अंगण, भिंती व झाडें कांहीं क्षण फिरतच राहतात. मलकापुरांतील कोणत्या मुलाला हा अनुभव नाहीं? आपण तो हंसून विसरतों. परंतु ह्याच घेरीचा शोध घेण्यासाठीं एका पुरुषानें स्वतःच्या देहाचीच प्रयोगशाळा केली. त्याचें नांव यान पुर्किंजे.

पुर्किंजे ह्यांचा जन्म १७८७ सालीं बोहेमियांत, म्हणजे आजच्या झेक देशांत झाला. वडील लवकर वारले. पण गळा गोड असल्यामुळें पियारिस्ट धर्मगुरूंच्या शाळेंत मुलाची सोय झाली. पुढें ते त्याच संघांत शिरले. तथापि ज्ञानाची ओढ अनावर होऊन १८०७ सालीं त्यांनीं तो मार्ग सोडला, प्राग शहरीं शिकवण्या करून पोट भरलें, आणि वयाची तिशी उलटल्यावर ते डॉक्टर झाले.

१८२० सालीं त्यांनीं घेरीविषयींचीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. गरगर फिरतांना मस्तक जसें धरावें, तशी घेरीची दिशा ठरते, हें त्यांनीं ताडलें. व्होल्टाच्या विद्युत्घटास तेव्हां वीसच वर्षें झालीं होतीं. त्याचा प्रवाह एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे नेला असतां देह स्थिर असूनही घेरी येते, असेंही त्यांना आढळलें.

मात्र घेरीचें मूळ मेंदूंत आहे, हा त्यांचा तर्क चुकला. १८७३ च्या सुमारास माख, ब्रॉयर व क्रम ब्राउन ह्यांनीं दाखविलें कीं, आंतल्या कानांतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आपला तोल सांभाळतात. आपण थांबलों तरी त्यांतील द्रव क्षणभर वाहत राहतो. म्हणून अंगण फिरतें.

पुर्किंजे ब्रेस्लौ येथें १८२३ पासून प्राध्यापक होते. १८५० सालीं ते प्रागला परतले व १८६९ सालीं तेथेंच निवर्तले. त्यांचा तर्क मागें पडला, निरीक्षण मात्र टिकलें. आज कानांमागें पट्ट्या लावून अगदीं सौम्य प्रवाह सोडतात. निरोगी मनुष्याचा देह धन टोंकाकडे झुकतो व डोळेही किंचित् हलतात. त्यावरून तोल सांभाळणारी मज्जा कितपत शाबूत आहे हें डॉक्टर पाहतात. 

विद्यार्थिमित्रहो, विजेचा हा प्रयोग तुम्ही घरीं करूं नये. परंतु जें दिसलें तें जसेंच्या तसें लिहून ठेवण्याची पुर्किंजे ह्यांची संवय अवश्य घ्यावी. तर्क चुकला तरी प्रामाणिक नोंद पुढच्यांच्या उपयोगीं पडते.